एनिग्मा आणि रोटर यंत्रांचे गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने गुप्तसंदेशांसाठी वापरलेल्या एनिग्मा यंत्राविषयी बोलताना चर्चा बहुधा त्याच्या मांडणीच्या प्रचंड संख्येपाशीच थांबते. ती संख्या खरी आहे, पण यंत्र का टिकले आणि का फुटले याचे उत्तर तिच्यात नाही. ते यंत्राच्या रचनेत आहे. म्हणून पुढील उत्तरांचा भर रचनेवर ठेवला आहे. शालेय गणितातील गुणाकार, क्रमगुणित आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर त्यातील बहुतेक भाग समजू शकतो.

रोटर यंत्र म्हणजे नेमके काय?

रोटर म्हणजे विद्युतरोधक पदार्थाची एक जाड चकती. तिच्या एका बाजूला 26 स्प्रिंगच्या पिना आणि दुसऱ्या बाजूला 26 सपाट संपर्कबिंदू असतात, आणि आतून 26 तारा प्रत्येक पिनेला समोरच्या कोणत्या तरी एका बिंदूशी अव्यवस्थित क्रमाने जोडतात. एका बाजूने आलेला प्रवाह दुसऱ्या बाजूने भलत्याच जागी बाहेर पडतो, म्हणजे एका अक्षराचे दुसरे अक्षर होते. चकती स्थिर राहिली असती तर हा शाळकरी मुलांच्या गुप्तलिपीइतकाच साधा अक्षरबदल ठरला असता आणि अक्षरांची वारंवारता मोजून तो काही मिनिटांत उलगडला असता. परंतु प्रत्येक कळीसरशी चकती एक घर पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या अक्षराला लागू असलेला नियम दुसऱ्या अक्षराला लागू राहत नाही.

हे यंत्र कोणी शोधले?

एकाच सुमारास अनेकांनी. नेदरलँड्सच्या नौदलातील थिओ व्हॅन हेंगेल आणि स्पेंग्लर या दोन अधिकाऱ्यांकडे ही कल्पना 1915 मध्येच होती; अमेरिकेत एडवर्ड हेबर्न, स्वीडनमध्ये आर्विड डाम आणि नेदरलँड्समध्ये ह्यूगो कोख यांनी तिचे स्वतंत्र आराखडे मांडले. जर्मन अभियंता आर्थर शेरबियस याने 23 फेब्रुवारी 1918 रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे एनिग्मा या नावाने व्यापारी यंत्र बाजारात आणले. जर्मन नौदलाने ते 1926 मध्ये आणि भूदलाने 1928 मध्ये स्वीकारले. भूदलाच्या आवृत्तीत 1930 पर्यंत पुढच्या बाजूला प्लगबोर्ड, म्हणजे तारांनी अक्षरांच्या जोड्यांची अदलाबदल करणारा फलक, बसला होता, आणि लष्करी एनिग्मा व्यापारी एनिग्मापासून वेगळी झाली ती मुख्यतः या प्लगबोर्डामुळे. शेरबियसला यंत्राचे हे मोठे यश पाहायला मिळाले नाही. 1929 मध्ये घोडागाडीच्या अपघातात त्याचा मृत्यू झाला.

एक कळ दाबल्यावर आत काय घडते?

प्रवाह कळीकडून प्लगबोर्डावर जातो, तेथून उजव्या, मधल्या आणि डाव्या रोटरमधून पार होतो, टोकाच्या परावर्तकावरून मागे वळतो, तेच तीन रोटर उलट क्रमाने ओलांडतो, पुन्हा प्लगबोर्डातून जातो आणि शेवटी एका अक्षराचा दिवा लावतो. यंत्रात छपाईची सोय नाही. बहुधा एक जण कळा दाबत असे आणि दुसरा पेटलेली अक्षरे कागदावर उतरवत असे.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. डावीकडून उजवीकडे पहिला, दुसरा आणि तिसरा या क्रमांकांचे लष्करी रोटर बसवले आहेत, परावर्तक बी जातीचा आहे, प्लगबोर्डावर एकही तार लावलेली नाही, रोटरांभोवतीची अक्षरांची सर्व कडी पहिल्या अक्षरावर आहेत आणि रोटरांची स्थिती दाखवणाऱ्या खिडकीत ए-ए-ए दिसत आहे. आता ए ही कळ दाबली. प्रवाह सुरू होण्याआधीच उजवा रोटर एक घर सरकून बी वर येतो. त्यामुळे ए च्या जागी आलेला प्रवाह रोटरच्या बी या बिंदूत शिरतो. आतील तार बी ला डी शी जोडते. पण रोटर एक घर सरकलेला असल्यामुळे प्रवाह प्रत्यक्षात सी च्या जागी बाहेर पडतो. मधला रोटर सी चा डी करतो, डावा रोटर डी चा एफ करतो आणि परावर्तक एफ चा एस करतो. परतीच्या वाटेवर डाव्या रोटरमध्ये एस चा एसच राहतो, मधला रोटर त्याचा ई करतो, आणि उजव्या रोटरमधून तो एफ वरून सी वर जाऊन, सरकलेले एक घर वजा झाल्यावर, बी या जागी बाहेर येतो. बी चा दिवा लागतो. ए ची कळ पाच वेळा दाबली तर दिवे बी, डी, झेड, जी, ओ या क्रमाने लागतात.

या उदाहरणातील एक घर मिळवणे आणि एक घर वजा करणे हे रोटर यंत्राच्या गणिताचे मर्म आहे. रोटरच्या तारा बदलत नाहीत. त्यांच्या आधी एक सरकवणे आणि नंतर तेवढेच उलट सरकवणे येते, आणि ही सारी बेरीज-वजाबाकी 26 च्या चक्रात चालते, म्हणजे झेड नंतर पुन्हा ए येतो.

रोटर कसे फिरतात, आणि मधला रोटर लागोपाठ दोनदा का सरकतो?

मोटारीतील किलोमीटर मोजणाऱ्या मापकासारखी ही गती आहे असे सामान्यतः सांगितले जाते, आणि ढोबळमानाने ते बरोबर आहे: उजवा रोटर दर कळीला सरकतो, त्याच्या कड्यावरील खाच ठराविक अक्षरावर आली की मधला सरकतो, आणि मधल्याची खाच आली की डावा सरकतो. मात्र एनिग्मातील खिटीची रचना अशी आहे की मधला रोटर डाव्याला ढकलताना स्वतःही एक घर पुढे जातो.

वरच्याच रोटरांनी हे पाहता येते. खिडकीत ए-डी-यू असताना पहिली कळ दाबली की ए-डी-व्ही दिसते, दुसऱ्या कळीला ए-ई-डब्ल्यू, तिसऱ्या कळीला बी-एफ-एक्स आणि चौथीला बी-एफ-वाय. दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही कळींना मधला रोटर हलला. त्यामुळे पूर्ण चक्राची लांबी 26 × 26 × 26 म्हणजे 17,576 न राहता 26 × 25 × 26 म्हणजे 16,900 होते. प्रत्यक्ष संदेश काहीशे अक्षरांचेच असत, म्हणून या घटीने सुरक्षिततेत फरक पडला नाही. यंत्राचे अनुकरण करणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची मात्र येथेच सर्वाधिक फसगत होते.

परावर्तकाची गरज काय होती?

परावर्तकामुळे कूटसंदेश तयार करणे आणि उलगडणे या दोन्ही क्रिया एकच झाल्या. विशिष्ट स्थितीत ए चा बी होत असेल तर त्याच स्थितीत बी चा ए होतो. त्यामुळे संदेश पाठवणारा आणि घेणारा या दोघांनी यंत्र सारखेच लावायचे आणि अक्षरे टंकायची, एवढेच काम उरले. रणभूमीवर थकलेल्या सैनिकाच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची होती.

किंमतही तितकीच मोठी होती. परावर्तक 26 अक्षरांच्या 13 जोड्या लावतो, प्रवाह कधीही आलेल्या वाटेने परत जाऊ शकत नाही, आणि म्हणून कोणतेही अक्षर कधीही स्वतःत बदलत नाही. 26 अक्षरांची फेररचना एकूण 26! (26 चे क्रमगुणित) प्रकारे करता येते, म्हणजे सुमारे 4 वर 26 शून्ये इतक्या प्रकारे. त्यातील फक्त 13 जोड्यांनी बनलेल्या फेररचना 79,05,85,35,80,625 एवढ्याच आहेत. कोणत्याही क्षणी एनिग्मा या छोट्या कोपऱ्यातील एखादीच फेररचना वापरू शकत असे, आणि हे शत्रूला ठाऊक होते.

एकूण किती मांडण्या शक्य होत्या?

लष्करी एनिग्माचा नेहमीचा हिशोब असा आहे. डिसेंबर 1938 पासून पाच रोटरांतून तीन निवडून क्रमाने लावायचे असत, त्याचे 5 × 4 × 3 म्हणजे 60 प्रकार. तीन रोटरांच्या सुरुवातीच्या स्थिती 17,576. प्लगबोर्डावर 10 तारांनी 20 अक्षरांच्या जोड्या लावायच्या आणि 6 अक्षरे मोकळी ठेवायची, याचे प्रकार 26! भागिले 6! गुणिले 10! गुणिले 2 चा दहावा घात, म्हणजे 15,07,38,27,49,37,250, साधारण दीड कोटी कोटी. या तिन्हींचा गुणाकार 15,89,62,55,52,17,82,63,60,000 येतो. आजच्या परिभाषेत ही सुमारे 67 बिटांची किल्ली झाली.

या गुणाकारात प्लगबोर्डाचा वाटा इतका मोठा आहे की त्यापुढे रोटरांचा वाटा नगण्य दिसतो: 60 गुणिले 17,576 म्हणजे 10,54,560, जेमतेम साडेदहा लाख. जर्मन तज्ज्ञांचा विश्वास त्या दीड कोटी कोटींवर होता. पण प्लगबोर्ड दिवसभर स्थिर राहतो. तो एकटा असता तर साध्या अक्षरबदलाहून अधिक काही करू शकला नसता. रोटर बदलते राहतात म्हणून यंत्र अवघड होते, पण त्यांच्या शक्यता मोजक्या आहेत. एका भागाची संख्या मोठी आणि दुसऱ्याची गती मोठी असली, तरी दोन्ही भाग वेगळे काढता आले तर गुणाकार कोसळतो. एनिग्मा फोडण्याचा सारा इतिहास हे दोन भाग वेगळे काढण्याचा आहे.

मग सर्व 13 तारा का लावत नसत?

तारा वाढवल्या की शक्यता वाढतच जातात असे वाटते, पण तसे होत नाही. 11 तारांपर्यंत संख्या वाढते आणि 20,55,52,19,30,96,250 होते. 12 तारांना ती निम्मी होते आणि 13 तारांना थेट 79,05,85,35,80,625 वर उतरते, कारण मग कोणती अक्षरे मोकळी ठेवायची ही निवडच उरत नाही. 10 ही संख्या सर्वाधिक शक्यता देणाऱ्या 11 च्या जवळची आहे.

पोलंडच्या गणितज्ञांनी नेमके काय केले?

माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत सुंदर गणित येथे आहे, आणि सामान्य वाचकापर्यंत ते सर्वांत कमी पोचलेले आहे.

पोझनान विद्यापीठातून आलेले मारियन रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे तीन तरुण गणितज्ञ पोलंडच्या गुप्तलेखन विभागात 1932 मध्ये दाखल झाले. त्या काळी जर्मन सैन्यात रीत अशी होती की दिवसाची मांडणी सर्वांना सारखी. प्रत्येक संदेशासाठी पाठवणारा तीन अक्षरे स्वतः निवडे, ती दिवसाच्या मांडणीत लागोपाठ दोनदा टंके आणि निघालेली सहा अक्षरे संदेशाच्या आरंभी पाठवी. प्रसारणात एखादे अक्षर बिघडले तरी चूक लक्षात यावी, असा या पुनरुक्तीचा हेतू होता.

याचा अर्थ पहिले आणि चौथे कूटाक्षर एकाच अज्ञात अक्षरापासून आलेले आहेत. एका संदेशात पहिले अक्षर डी आणि चौथे व्ही असेल, दुसऱ्यात पहिले व्ही आणि चौथे पी, तिसऱ्यात पहिले पी आणि चौथे एफ, तर डी, व्ही, पी, एफ अशी एक साखळी लागते. एका दिवसाचे सुमारे 60 ते 80 संदेश हाती आले की सर्व 26 अक्षरे अशा बंद साखळ्यांत बसतात. दुसऱ्या-पाचव्या आणि तिसऱ्या-सहाव्या अक्षरांच्याही अशाच साखळ्या मिळतात.

आता प्लगबोर्डाचा प्रश्न. प्लगबोर्ड प्रवाहाच्या आरंभी एकदा आणि शेवटी एकदा लागतो, म्हणजे आतील फेररचनेला तो दोन्ही बाजूंनी वेढतो. क्रमचयांच्या (फेररचनांच्या) सिद्धांतातील एक मूलभूत प्रमेय सांगते की अशा वेढण्याने साखळ्यांतील अक्षरांची नावे बदलतात, साखळ्यांच्या लांबी मात्र बदलत नाहीत. तेव्हा प्लगबोर्डावर 6 तारा असत आणि त्यांच्या 1,00,39,17,91,500 शक्यता होत्या. साखळ्यांच्या लांबीकडे पाहताच या सर्व शक्यता समीकरणातून निघून जातात. उरतात फक्त रोटरांच्या 6 क्रमांच्या 17,576 स्थिती, म्हणजे 1,05,456. एवढ्यांची सूची हातांनी करता येते, आणि पोलिशांनी ती केली.

सूची करण्याआधी रोटरांच्या आतील तारा ठाऊक हव्यात. हान्स-थिलो श्मिट या जर्मन माणसाने फ्रेंच गुप्तहेर खात्याला विकलेली कागदपत्रे गुस्ताव्ह बर्त्राँ यांच्यामार्फत पोलंडला मिळाली होती, आणि त्यांत सप्टेंबर व ऑक्टोबर 1932 चे प्लगबोर्डाचे तक्ते होते. रोटरांचा क्रम तेव्हा दर तिमाहीला बदले आणि हे दोन महिने वेगवेगळ्या तिमाहींत पडतात, त्यामुळे दोन वेगळे रोटर उजव्या जागी आलेले सापडले. तरीही समीकरणे जुळेनात. व्यापारी यंत्रात कळा प्रवेशचकतीला कळफलकाच्या क्रमाने जोडलेल्या होत्या. लष्करी यंत्रात त्या सरळ वर्णानुक्रमाने जोडल्या असतील, अशी कल्पना रेयेव्स्की यांनी करून पाहिली आणि उत्तर उमटले. डिसेंबर 1932 च्या अखेरीस, ते यंत्र कधीही न पाहता, त्याच्या तारा त्यांनी कागदावर उभ्या केल्या होत्या. जुलै 1939 मध्ये वॉर्साजवळच्या पिरी येथे पोलिशांनी हे सर्व ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंच प्रतिनिधींच्या स्वाधीन केले. युद्धाला तेव्हा जेमतेम पाच आठवडे उरले होते.

एवढे झाल्यावर ब्लेचली पार्क या ब्रिटिश गुप्तलेख-केंद्राला वेगळे काय करावे लागले?

पोलिशांची रीत त्या तीन अक्षरांच्या पुनरुक्तीवर उभी होती आणि ती पुनरुक्ती जर्मनांनी 1 मे 1940 रोजी बहुतांशी बंद केली. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी आधीच वेगळा मार्ग धरला होता: संदेशात कोणता मजकूर असणार याचा अंदाज करायचा आणि तो कूटाक्षरांखाली ठेवून पाहायचा. हवामान अंदाजासाठीचा 16 अक्षरी जर्मन शब्द, वेटरफोरहेरझागे, अशा कामी उपयोगी ठरतो. कोणतेही अक्षर स्वतःत बदलत नसल्यामुळे, एका जागी जरी वरखाली तेच अक्षर आले तरी ती जागा चुकीची ठरते. 16 अक्षरांचा अंदाज चुकीच्या जागी असूनही या चाचणीतून निभावण्याची शक्यता 25/26 चा सोळावा घात, म्हणजे सुमारे 53 टक्के. 30 अक्षरांचा असेल तर ती 31 टक्क्यांवर येते. लांब अंदाज मोलाचा का, ते यावरून कळते.

जागा ठरली की अक्षरांमध्ये बंद वळसे शोधायचे. समजा पाचव्या जागी ए आणि टी, नवव्या जागी टी आणि एन, बाराव्या जागी एन आणि ए यांची गाठ पडते. प्लगबोर्डावर ए ची जोडी कोणत्या अक्षराशी आहे ते गृहीत धरा. रोटरांच्या एका स्थितीसाठी त्या गृहीतकावरून टी ची जोडी निघते, तिच्यावरून एन ची आणि तिच्यावरून पुन्हा ए ची. सुरुवातीचे अक्षर परत आले नाही तर गृहीतक खोटे. चुकीच्या गृहीतकाने एक वळसा योगायोगाने पूर्ण होण्याची शक्यता सुमारे 26 मध्ये 1 असते, म्हणून तीन-चार वळसे मिळाले की चुकीच्या स्थिती जवळजवळ साऱ्या गळतात. येथेही प्लगबोर्डाच्या दीड कोटी कोटी शक्यता तपासाव्या लागत नाहीत; एका अक्षराच्या 26 शक्यता पुरतात.

बॉम्ब नावाचे विद्युत-यांत्रिक यंत्र हेच तर्कशास्त्र तारांनी चालवत असे. ते लेचवर्थ येथे हॅरल्ड कीन यांच्या देखरेखीखाली बनले आणि पहिले यंत्र मार्च 1940 मध्ये बसले. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात कर्णफलकाची भर घातली. ए ची जोडी टी शी असेल तर टी ची जोडी ए शीच असते, एवढी साधी गोष्ट त्या फलकाने यंत्राला शिकवली. पण तिच्यामुळे विसंगती इतक्या झपाट्याने पसरत की कमी वळशांचे अंदाजही चालू लागले. ऑगस्ट 1940 पासून ही सुधारित यंत्रे कामाला लागली. ती चालवण्याचे काम मुख्यतः ब्रिटिश नौदलाच्या महिला शाखेतील तरुणींनी केले.

जर्मन नौदलाचे संदेश अधिक अवघड का होते?

नौदलाकडे आठ रोटर होते, म्हणजे क्रम 336. आणि संदेशाची सुरुवातीची तीन अक्षरे अक्षरांच्या जोड्या बदलणाऱ्या छापील तक्त्यांतून जात, त्यामुळे केवळ गणिताने भागत नसे. 9 मे 1941 रोजी यू-110 पाणबुडीवरून हाती आलेल्या साहित्याने मोठी मदत झाली. 1 फेब्रुवारी 1942 रोजी अटलांटिकमधील पाणबुड्यांनी चौथा रोटर वापरात आणला आणि सुमारे दहा महिने त्यांचे संदेश वाचता आले नाहीत. 30 ऑक्टोबर 1942 रोजी भूमध्य समुद्रात बुडत असलेल्या यू-559 मधून ब्रिटिश नौसैनिक अँथनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझिअर यांनी हवामानसंकेतांची पुस्तिका बाहेर काढून दिली आणि ते दोघे पाणबुडीबरोबर बुडाले. हवामानाचे ते छोटे संदेश चौथा रोटर निष्क्रिय राहील अशा स्थितीत पाठवले जात, म्हणून तीन रोटरांची जुनी रीत त्यांना लागू पडली. डिसेंबरमध्ये ब्लेचली पार्क पुन्हा वाचू लागले.

कोलोसस एनिग्मासाठी बनवला होता का?

नाही. कोलोसस हा इलेक्ट्रॉनिक संगणक लोरेन्झ या वेगळ्या जर्मन यंत्राविरुद्ध होता. लोरेन्झ टेलिप्रिंटरला जोडलेले असे, त्यातील 12 चाकांना आत तारा नसून कडेला खुंट्या असत, आणि ते संदेशात शून्य-एकचा प्रवाह मिसळत असे. बिल टट यांनी चुकीने एकाच मांडणीवर दोनदा पाठवलेल्या सुमारे 4,000 अक्षरी संदेशावरून पहिल्या चाकाची लांबी 41 असल्याचे शोधले. टॉमी फ्लॉवर्स यांचा कोलोसस 1944 च्या सुरुवातीला ब्लेचली पार्कमध्ये सुरू झाला. जपानचे पर्पल यंत्रही रोटरचे नव्हते. त्यात टेलिफोन केंद्रातील पायरीस्विच होते.

सर्वच रोटर यंत्रे फुटली का?

अमेरिकेचे सिगाबा युद्धकाळात कोणी फोडल्याची नोंद नाही. त्यात संदेशाची अक्षरे बदलणारे रोटर केव्हा आणि कोणते सरकतील हे दुसऱ्या रोटरांचा संच ठरवत असे, त्यामुळे एनिग्मासारखी ठोकळेबाज गती शत्रूला मिळत नव्हती. आणि त्यात परावर्तक नव्हता.

स्वतः प्रोग्रॅम लिहून पाहायचा असेल तर तो बरोबर आहे हे कसे ओळखावे?

वर दिलेली दोन उदाहरणे त्यासाठी पुरेशी आहेत. आधी पाच ए देऊन बी-डी-झेड-जी-ओ मिळते का पाहावे. पहिलेच अक्षर चुकले तर बहुधा रोटर प्रवाहानंतर सरकवला गेला आहे, किंवा बाहेर पडताना सरक वजा करायची राहिली आहे. मग ए-डी-यू पासून चार कळा दाबून बी-एफ-वाय येते का तपासावे. ए-ई-वाय किंवा तत्सम काही दिसले तर मधल्या रोटरचे दुहेरी सरकणे सुटले आहे. त्यानंतर मिळालेला कूटसंदेश त्याच सुरुवातीच्या स्थितीतून पुन्हा घालावा, मूळ मजकूर जसाच्या तसा परत आला पाहिजे. कड्यांची मांडणी सर्वांत शेवटी जोडावी: कडे बदलले की खाच आणि खिडकीतील अक्षर तारांच्या तुलनेत सरकतात, म्हणून आत शिरणाऱ्या सरकेतून कड्याचा आकडा वजा करावा लागतो, पण खाचेची तपासणी खिडकीत दिसणाऱ्या अक्षरावरच करावी.